उसनी खेप

नानांचे पणजोबा मिठाची पोती वाहत. त्यांना लोक शिडी म्हणत. आजोबा दगडी फरश्या वाहत. त्यांना खांब म्हणत. वडील धान्याच्या गोदामात होते आणि एका वेळी दीड पोते पाठीवर घेत, म्हणून ते दीडपोते. शिडी, खांब आणि दीडपोते या तिघांचीही कंबर वयाच्या बावन्नाव्या वर्षी गेली. गेली म्हणजे दुखू लागली असे नव्हे. दुखत ती विशीपासूनच होती. गेली म्हणजे एके दिवशी माणूस वाकला आणि पुन्हा सरळ झालाच नाही. उरलेले आयुष्य तिघांनीही जमिनीकडे पाहत काढले.

नाना मात्र खुर्चीवर बसत. घराण्यातली ही पहिली खुर्ची. ती होती श्रम-इजा कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, आणि तिच्यावर बसून नानांनी अठ्ठावीस वर्षे एकच काम केले होते: कोणाची कंबर कामामुळे दुखते आणि कोणाची उगाचच, हे ठरवणे. हमाल, गवंडी, दवाखान्यात रुग्णांना उचलणाऱ्या बाया, सगळे एका हाताने कंबर धरून आणि दुसऱ्या हातात अर्ज धरून येत. बहुतेकांच्या अर्जावर नानांचा शिक्का बसे: ‘दुखणे कामामुळेच उद्भवल्याचे सिद्ध होत नाही.’ शिक्क्याची अक्षरे झिजून गुळगुळीत झाली होती, इतका तो बसला होता.

आता नानांना बावन्नावे लागून दहा महिने झाले होते. दोन उरले होते.

हे दोन महिने कसे काढायचे, याखेरीज नानांच्या डोक्यात दुसरा विचार नव्हता. शिंक आली की ते आधी भिंत धरत आणि मग शिंकत. बुटाची नाडी बांधायला पाय खुर्चीवर ठेवत. कचेरीत पेन खाली पडले तर ते पडलेलेच राहू देत. टेबलाखाली सात पेने जमली होती. सकाळी जाग आली की डोळे उघडण्याआधी ते कमरेचा कानोसा घेत. कंबर गप्प असे. तिच्या त्या गप्प राहण्याचीच नानांना जास्त भीती वाटे. आजारपणाच्या रजा तर त्यांनी वर्षाच्या पहिल्या सहामाहीतच संपवल्या होत्या, आणि त्याही न भरलेल्या चमकेसाठी. चमक भरेल की काय, या धास्तीने.

अशा माणसाच्या घरात भिंतीला ओल येऊ नये. पण ओलीला माणसाचे वय कळत नाही. मधल्या खोलीची भिंत फुगली, गिलाव्याचे पोपडे पडू लागले. गवंडी आला, त्याने भिंतीवर टकटक केले आणि म्हणाला, “ही ट्रंक इथून दीड हात सरकवून ठेवा. सोमवारी येतो.”

ती ट्रंक आईंची होती. लोखंडी, हिरवी, पितळी कडीची. चाळीस वर्षांपूर्वी ती दोन माणसांनी धापा टाकत आत आणली, तेव्हापासून घरातल्या प्रत्येक पोराने एकच वाक्य ऐकले होते: “हात लावू नका रे, जड आहे.” आईंचे वय ब्याऐंशी, आवाज मात्र त्या वयाचा नाही. त्यांनी जड म्हटले की जड.

पाच मिनिटांत दोन हमाल बोलावून काम उरकले असते. परंतु या घराचा एक दंडक होता, आणि तो दीडपोत्यांनी घातला होता: ज्या घरातल्या तीन पिढ्यांनी जगाचे ओझे वाहिले, त्या घरात ओझ्याला बाहेरचा हमाल लावायचा नाही. अभिमान ही वस्तू वारशाने मिळते आणि तिला वजन असते, याचा पत्ता नानांना त्या दिवशी लागला.

सोमवार गेला. गवंडी आला, ट्रंक पाहिली आणि परत गेला. पुढचा सोमवारही तसाच गेला. तोवर बातमी जिनाभर पसरली होती. वरच्या मजल्यावरचे कवायतीचे निवृत्त मास्तर खाली आले.

“उचलायचं असेल तर श्वास रोखून उचला, नाना. छाती पुढे!”

“छातीचा प्रश्न नाही हो, मास्तर.”

“सगळा प्रश्न छातीचाच असतो.”

समोरच्या काकू म्हणाल्या, “श्वास अजिबात रोखू नका. आमच्या ह्यांनी रोखला होता. सोफा उचलताना. अजून कुठे धड श्वास लागतो त्यांना?” काकूंचे हे मागेच उभे होते, त्यांनी खिन्नपणे मान हलवली. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने कमरेचा पट्टा दाखवला, दोन मलमे दाखवली आणि आवाज खाली आणून विचारले, “घराण्यात आहे का हे?” नानांनी तीन पिढ्यांची हकीकत सांगितली. औषधवाल्याने ती पूर्ण ऐकून घेतली आणि तिसरे मलम काढले.

तिसऱ्या सोमवारी सकाळी आई पदर खोचून ट्रंकेपाशी उभ्या राहिल्या.

“तुझ्याच्यानं होत नसेल तर बाजूला हो. मी सरकवते.”

“आई, तुम्ही नका हात लावू!”

“चाळीस वर्षं चार मजले पाणी चढवलं मी. तेव्हा कुणी आलं होतं का पट्टा घेऊन? का तुझ्या कचेरीनं अर्ज मागवला होता?”

नानांची पत्नी दारात उभी होती. “अहो, मी धरते एक बाजू.”

एका बाजूला ब्याऐंशीची आई, दुसऱ्या बाजूला पत्नी, मध्ये ओली भिंत. नानांनी पट्टा आवळला. शिडी, खांब आणि दीडपोते या तिघांचेही वाकलेले चेहरे त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. मग त्यांनी मास्तरांच्या सांगण्याप्रमाणे श्वास रोखला, काकूंच्या सांगण्याप्रमाणे तो लगेच सोडला, दोन्ही कड्या धरल्या आणि अंगातला सगळा जोर एकवटून ट्रंक उचलली.

ट्रंक टोपलीसारखी वर आली.

मणभर ओझ्यासाठी केलेला जोर टोपलीला लागला तर तो कुठे जाणार? तो नानांच्या कमरेत गेला. खट्कन आवाज झाला, निदान नानांना तो ऐकू आला. ट्रंक छातीशी, नाना मागच्या मागे भिंतीवर, भिंतीचा उरलेला गिलावा नानांच्या डोक्यावर. आणि मग ते काटकोनात वाकले आणि तसेच राहिले.

“आई,” ते जमिनीकडे पाहत म्हणाले, “ट्रंक रिकामी आहे.”

“रिकामी कशानं? ह्यांची ओझ्याखाली पाठीवर बांधायची गादी आहे आत. भांडी होती, ती मुलींच्या लग्नांत एकेक दिली.”

“मग जड का म्हणत होता इतकी वर्षं?”

“कुणी विचारलं का हलकी झाली म्हणून?”

त्यानंतरच्या आठ दिवसांबद्दल थोडक्यात सांगणेच बरे. मास्तरांनी नानांना दाराच्या चौकटीला लटकवायचा बेत केला, चौकट निखळली. काकूंनी गरम वाळूची पिशवी आणली. पिशवी फाटली आणि वाळू अंथरुणभर झाली. नाना कुशीवर पडून भिंतीकडे बघत. आपण आता असेच राहणार. नातवंडे होतील ती आपल्याला वरून पाहतील. लोक आपल्याला काहीतरी नाव ठेवतील. शिडीला निदान शिडीचे तरी नाव मिळाले, आपल्याला बहुधा टोपलीचे मिळेल.

डॉक्टरीणबाई आल्या, दोन बोटांनी कंबर दाबली आणि म्हणाल्या, “स्नायू आखडलाय. उठा, चाला. जितकं पडून राहाल तितकं धरेल.”

“बाई, माझ्या तीन पिढ्यांची कंबर बावन्नाव्या वर्षी गेली.”

“त्यांनी पोती उचलली म्हणून गेली असेल.”

“तसं सिद्ध होत नाही,” नानांच्या तोंडून सवयीने गेले.

बाईंनी पिशवी बंद केली. “बरोबर. उचलणाऱ्यांची दुखते, बसणाऱ्यांची दुखते. भिणाऱ्यांची सगळ्यांत जास्त दिवस दुखते, एवढं मी पाहिलंय. चाला.”

नाना उठले. चारही बाजूंनी धरून उठवले तेव्हा उठले. कंबर काटकोनातून थोडी वर आली आणि तिथे थांबली. आता प्रश्न रजेचा होता. आजारपणाची रजा शिल्लक नव्हती. उरली होती फक्त इजेची विशेष रजा, आणि तिच्यासाठी भरायचा होता नमुना एकोणीस. नानांनी नमुना हातात घेतला आणि वाचू लागले. कलम सात: ‘उचललेली वस्तू अधिकृत काट्यावर तोलून वजनाची पावती जोडावी.’ कलम आठ: ‘अर्जदाराने सुनावणीस तिसऱ्या मजल्यावर स्वतः हजर राहावे, अन्यथा अर्ज कायमचा निकाली काढण्यात येईल.’ भाषा नेटकी होती, कुठे पळवाट नव्हती. असणार कशी? दोन्ही कलमे बारा वर्षांपूर्वी नानांनीच लिहिली होती आणि त्याबद्दल त्यांना प्रशस्तिपत्र मिळाले होते.

“काटा गोदामाशी आहे,” पत्नी म्हणाली. “ट्रंक न्यायची कुणी?”

“मुकादमांना बोलावणं धाडते,” आई म्हणाल्या. “ते काही बाहेरचे नाहीत.”

नाना अंथरुणात एकदम ताठ झाले. आठ दिवसांत मलमांनी जे साधले नव्हते, ते त्या एका नावाने साधले. मग कळ आली आणि ते पुन्हा वाकले.

मुकादमांच्या भीतीने नाना अठ्ठावीस वर्षे गोदामाचा रस्ता टाळून लांबच्या वाटेने कचेरीला जात होते. कारण असे होते. अडतीस वर्षांपूर्वी दीडपोते फळीवरून चढत असताना त्यांची कंबर गेली आणि ते दीड पोत्यासकट खाली आले. तेव्हा मुकादम तीस वर्षांचा गडी होता. त्याने आपली पोती टाकली, दीडपोत्यांना पाठीवर घेतले आणि दीड कोस चालत घरी आणले. चौदा वर्षांचे नाना दारात उभे होते. मुकादमाने ओझे दारात टाकले नाही. उंबरठा ओलांडून आत आणले, अंथरुणावर ठेवले आणि मगच पाठ मोकळी केली. पडल्या पडल्या दीडपोते म्हणाले, “एक खेप उसनी झाली रे.”

हमालांचा हा जुना रिवाज. पडलेल्याचे ओझे दुसऱ्याने वाहिले तर ती उसनी खेप. ती पैशाने फिटत नाही, वस्तूने फिटत नाही. पाठीवर घेतलेली पाठीनेच फेडायची, बापाकडून राहिली तर लेकाने. दीडपोत्यांची पाठ पुन्हा सरळ झाली नाही. खेप नानांकडे आली, आणि नाना खुर्चीवर जाऊन बसले.

इतकेच असते तर लांबच्या वाटेने भागले असते. परंतु अकरा वर्षांपूर्वी नानांच्या टेबलावर मुकादमांचा अर्ज आला होता. कंबर गेली आहे, ओझे होत नाही, गोदामाच्या दाराशी बसून नोंद करण्याची जागा मिळावी. ‘दुखणे केव्हापासून’ यापुढे तारीख होती, ती नानांच्या ओळखीची होती. ‘उचललेली वस्तू’ यापुढे कोणाकडून तरी लिहून घेतले होते: माणूस. नाना त्या शब्दाकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी शेरा मारला, ‘वजनाची पावती जोडलेली नाही’, आणि शिक्का उमटवला. अर्ज मान्य केला असता तर खेपही मान्य करावी लागली असती.

मुकादम आले पोराच्या हातगाडीवर बसून आणि उतरले काठी टेकत. अडुसष्ट वय, कंबर नानांहून अधिक वाकलेली. दोघे समोरासमोर उभे राहिले तेव्हा दोघांनाही एकमेकांचे गुडघेच दिसले.

“भाऊजी, चहा घेता ना?” आईंनी विचारले.

“घेतो की, वहिनी. आधी ओझं दाखवा.” त्यांनी ट्रंकेची कडी काठीच्या टोकात अडकवली आणि ती उचलून बघितली. “हे?”

“हेच,” नाना जमिनीला म्हणाले.

मुकादम हसले नाहीत. ते हसले असते तर बरे झाले असते.

हातगाडीवरून ट्रंक गोदामाशी नेली. काट्यावर ती नऊ किलो चारशे भरली. काटेवाल्याने पावती फाडण्याआधी आतून आणखी दोघांना पाहायला बोलावले. “साहेब, हिनंच का?” एकाने अदबीने विचारले. गोदामातल्या माणसांच्या पाठींवर ऐंशी-ऐंशी किलोची पोती जात-येत होती, आणि ती वाहणारे सगळे नानांना ओळखत होते. प्रत्येकाच्या घरी नानांच्या शिक्क्याचा एकेक कागद होता. वाट सोडून सगळे बाजूला झाले, आजारी माणसाला वाट देतात तसे.

परतताना मुकादम हातगाडीवरून म्हणाले, “गुरुवारी अकराला मलाही बोलावलंय तुझ्या कचेरीत. नव्या साहेबानं जुने अर्ज काढलेत. एकदाच ऐकणार म्हणे.”

“माझीही गुरुवारीच आहे.”

“लिफ्ट चालू आहे का रे तिथली?”

लिफ्टच्या दारावर ‘दुरुस्ती चालू’ अशी पाटी गेली तीन वर्षे होती. आणि कलम आठ नानांनी लिहिले होते.

गुरुवारी पावणेअकराला नाना जिन्यापाशी पोहोचले. बगलेत ट्रंक होती, पुरावा म्हणून. मुकादम सातव्या पायरीवर बसले होते. चेहरा पांढरा, हात कठड्याला.

“पुढं पाय उचलत नाही,” ते म्हणाले. “सात झाल्या. किती आहेत?”

“बाहत्तर.”

शिपाई वरून डोकावला. नानांनी हाक मारली, “अरे, साहेबांना म्हणावं दोन मिनिटं खाली या. वयस्कर माणूस आहे.”

“नियमात बसत नाही, नाना. तिसऱ्या मजल्यावर स्वतः हजर.”

“असला नियम कुणी केला?”

शिपायाने नुसतेच पाहिले. तो भला माणूस होता.

घड्याळात अकराला बारा मिनिटे कमी होती. एक पायरी, एक माणूस, आणि बावन्नावे संपायला एक महिना सहा दिवस. त्यांना वाटले, वळावे. लांबची वाट कचेरीच्या आतही असतेच. मागच्या जिन्याने चढावे, आपली सुनावणी उरकावी, घरी जावे. मुकादम काही मागत नव्हते. खेपेचे नावही त्यांनी काढले नव्हते. गेल्या अडतीस वर्षांत एकदाही काढले नव्हते.

नानांनी ट्रंक खाली ठेवली, उघडली आणि दीडपोत्यांची गोणपाटाची गादी बाहेर काढली. तिचे बंद खांद्यांवरून घेऊन छातीवर कसे बांधायचे, हे मुकादमांनीच त्यांना दाखवले.

“येईल का तुला?” मुकादम म्हणाले.

“मला फार भीती वाटतेय, काका.”

“वाटणारच. कमरेत वाकू नको, गुडघ्यात वाक. मला पाठीशी घट्ट घे, लांब ठेवलंस तर मेलास. वर बघू नको. पुढची एकच पायरी बघ.”

नाना उठले. कमरेतून कळ निघाली ती टाचेपर्यंत गेली. आठवी. नववी. प्रत्येक पायरीवर त्यांना वाटे, ही शेवटची. आता खट्कन होणार आणि आपण इथेच जमिनीकडे पाहत राहणार. जमीन तर ते पाहतच होते. पहिल्या मजल्यावर दोन कारकून चहाचे पेले धरून उभे होते, ते पेले धरूनच राहिले. दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी म्हणाले, “अहो, नाना? इजेच्या रजेवर आहेत ना?”

“श्वास सोड,” मानेपाशी मुकादमांचा आवाज आला. “रोखायचा कशाला? साठवून विकायचाय का?”

चौपन्न. पंचावन्न. घाम डोळ्यांत उतरला. साठाव्या पायरीवर पाय घसरला, नाना कठड्याला आपटले आणि जिनाभर किंचाळले. पण पाठीवरचे मुकादम सुटले नाहीत.

बाहत्तराव्या पायरीवर ते थांबले. “पोचलो.”

“कुठं पोचलो? तुझ्या बापाला मी उंबरठ्याच्या आत ठेवलं होतं.”

नाना आणखी अकरा पावले चालले, दालनाचा उंबरठा ओलांडला, गुडघ्यात वाकले आणि मुकादमांना साहेबांपुढच्या खुर्चीवर अलगद ठेवले. अकराला एक मिनिट कमी होते.

साहेबांनी चष्म्यातून आधी मुकादमांकडे पाहिले, मग नानांकडे, मग समोरच्या दोन कागदांकडे.

“नाना, तुमच्या अर्जात लिहिलंय की नऊ किलो चारशेचं ओझं उचलल्यानं तुम्ही हालचालीला असमर्थ झालात.”

“होय, साहेब.”

“आणि आत्ता काय उचलून आणलंत?”

साहेबांनी हात पुढे केला. शिपायाने त्यांच्या हातात नानांचाच शिक्का दिला, आणि अठ्ठावीस वर्षांत प्रथमच तो नानांच्या नावावर बसला. नानांना त्याचे काही वाटले नाही, असे म्हणता येणार नाही. पण अक्षरे पुसट आली, एवढेच त्यांच्या मनात आले.

“आता हा अर्ज,” साहेब म्हणाले. “उचललेली वस्तू: माणूस. वजनाची पावती नाही. साक्षीदार नाही.”

“साक्षीदार आहे,” नाना म्हणाले.

“कोण?”

“मी. चौदा वर्षांचा होतो. दारात उभा होतो.” त्यांनी टेबलावरचे पेन उचलले. ते हातातून निसटले आणि जमिनीवर पडले. दालनातले सगळे त्या पेनाकडे पाहू लागले. नाना गुडघ्यात वाकले, पेन उचलले आणि सरळ उभे राहिले. अगदी सरळ नव्हे. पण खिडकीतून समोरच्या इमारतीचे छप्पर दिसेल, इतके. मग त्यांनी अकरा वर्षांपूर्वीच्या आपल्या शेऱ्यावर रेघ मारली आणि खाली लिहिले: ‘उचललेली वस्तू, माझे वडील. वजन, दीडपोते.’ आणि सही केली.

साहेबांनी ते दोनदा वाचले. गोदामाच्या दाराशी बसायची जागा त्यांनी त्याच दिवशी मंजूर केली, आणि वजनाच्या रकान्याबद्दल काही विचारले नाही.

नाना छातीवरचे बंद सोडू लागले. गाठ सुटेना. खुर्चीत बसल्या बसल्या मुकादमांनी हात पुढे करून ती सोडवली, गादी नानांच्या पाठीवरून उतरवली आणि आपल्या मांडीवर ठेवली.

“फिटली,” ते म्हणाले. “तुझ्या बापाला मी सांगतो, मला भेटेल तेव्हा. तू वहिनींना सांग.”